नॉन-अ‍ॅक्टिव्ह

अंदमान सहलीच्या कागदावर माझ्या नावापुढे 'नॉन-अ‍ॅक्टिव्ह' असं छापून आलंय. नवऱ्यापुढे 'स्कूबा', मुलापुढे 'स्कूबा, जेट स्की', पंच्याहत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंपुढे 'काचेच्या तळाची बोट'. आणि मी तेवढी वर्षानुवर्षं व्यवहार न झालेल्या बँक खात्यासारखी.

गुन्हा काय, तर "मॅडम, तुम्हाला काय काय करायला आवडेल?" असं एजंटने विचारलं आणि मी "काही नाही" म्हणाले. नील बेटावर समुद्रासमोरची खोली, बाहेर एक खुर्ची, हातात आयता चहा. सेल्युलर जेलला माझी ना नव्हतीच. सावरकरांची कोठडी बघायची म्हणून सासूबाई कधीच्या तयार होऊन बसल्यात. पण ते झाल्यावर मला सोडा ना. मुलाने तोंड वाकडं केलं. ह्यांनी फोनमधून मान वर न काढता "तू म्हणशील तसं" म्हटलं. म्हणजे ठरलंच होतं. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, "काही नाही म्हणजे?"

हे काका आमच्यातले कुणीही नव्हते. त्यांची सहल होऊनसुद्धा गेली होती. सहलीबरोबर फुकट मिळालेल्या बॅगेची चेन तुटली, ती बॅग बदलून मागायला आले होते. बॅग मांडीवर आणि त्याच सहलीची टोपी डोक्यावर. एजंटच्या ऑफिसात, पंख्याखाली, टोपी!

"हॅवलॉकला किती मुक्काम?"

"आम्ही नीललाच..."

"शहीद द्वीप म्हणा. आणि हॅवलॉक नाही, स्वराज द्वीप. 2018 ला बदललं." हॅवलॉक मी म्हटलंच नव्हतं, त्यांनीच म्हटलं होतं. "पोर्ट ब्लेअरसुद्धा आता श्री विजयपुरम. 2024 पासून. पहाटे उठता ना?"

"सुट्टीत नाही."

काकांनी खुर्ची उचलून ह्यांच्याकडे वळवली. माझ्याशी बोलण्यात अर्थ नाही, हे त्यांना कळून चुकलं असावं.

"साहेब, डिसेंबरात तिथे साडेपाचच्या पुढेमागे उजाडतं आणि संध्याकाळी पाचला सूर्य बुडतो. घड्याळ आपलंच, पण बेटं पार तिकडे, ब्रह्मदेशाच्या खाली. मॅडम नऊला उठल्या तर उरलं काय?"

साहेबांनी फोन खाली ठेवला. घरात गॅस संपला तरी हा मान मला मिळत नाही.

मग काकांनी एजंटचंच पेन घेतलं आणि एजंटच्याच माहितीपत्रकामागे आमची सहल लिहायला घेतली. शहीद द्वीपावरचा कातळाचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच बघायचा, भरती आली की संपलं. मग जेवण उरकून लक्ष्मणपूरला सूर्यास्त. दुसऱ्या दिवशी बोटीने स्वराज द्वीप, तिथे राधानगरचा किनारा, "2004 साली 'टाइम'ने आशियात सर्वोत्तम ठरवलेला." हे ते अशा थाटात म्हणाले की निवड समितीत हेही असावेत.

"आणि खुर्चीत कधी बसायचं?" मी विचारलं.

काकांनी प्रश्न खरोखर मनावर घेतला. पेनाचं टोक हनुवटीला लावून कागद वरून खाली तपासला.

"बोटीत," ते म्हणाले. "दीड-दोन तास बसूनच जायचं असतं. समुद्र खवळलेला असला तर उठताही येत नाही."

"काका अनुभवी आहेत," एजंट म्हणाला. म्हणणारच! खुर्चीत बसण्याचे वेगळे पैसे लावता येत नाहीत, स्कूबाचे लावता येतात.

उठता उठता काकांनी आवाज बारीक केला. "शंख-प्रवाळ बॅगेत घालून आणू नका हं. विमानतळावर तपासतात." हे सांगताना मांडीवरच्या बॅगेवरचा हात जरा घट्ट झाला. चेन कशाने तुटली, ते मी विचारलं नाही.

हसू येतं हो, पण नंतर डोकं फिरतं. सासूबाईंच्या गोळ्या, मुलाचं सनस्क्रीन, ह्यांचा चार्जर, बोटीवर चढताना दाखवायची चौघांची आधार कार्डं, हे सगळं कुणाच्या पर्समध्ये असणार? स्कूबा करून आलेले ओले, वाळूने भरलेले कपडे रिसॉर्टच्या बाल्कनीत कोण पिळत बसणार? त्यासाठी त्या कागदावर रकानाच नाही. आणि सहल ठरवणारी मी, रजा जुळवणारी मी, आगाऊ रक्कम भरणारी मी, पण मी "काही नाही" म्हटल्यावर तीन पुरुषांनी एकमेकांकडे असं बघितलं, जणू मला बरं नाहीये. मुलगा धरला तर चार. सासूबाई तेवढ्या माझ्या बाजूने असतील असं वाटलं होतं, तर त्या काकांना विचारत होत्या, "त्या पुलापर्यंत काठी टेकत जाता येईल का हो?"

बाहेर पडताना ह्यांनी काकांना नंबर दिला. स्वतःचा नाही, माझा. काकांनी त्याच रात्री आमचा ग्रुप काढला. आज पहाटे भरती-ओहोटीचं वेळापत्रक आलंय. खाली ह्यांचा अंगठा आहे, सासूबाईंचे जोडलेले हात आहेत, आणि काकांचा प्रश्न आहे: मॅडमनी अजून पाहिलं नाही का?