भाव ठरवायला पेशंटच्या बाजूने कोण बसतं?

भारतात उपचार किती स्वस्त आणि अमेरिकेत किती महाग यावरून घरच्या ग्रुपवर वाद सुरू झाला की मला इथून, अमेरिकेतून, बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण सगळे डॉलरला रुपयाने गुणतात आणि तिथेच थांबतात. डॉलरमधे कमावणाऱ्याला जे बिल किरकोळ वाटतं त्यासाठी रुपयात कमावणाऱ्याला दागिने मोडावे लागतात. २०२१-२२ मधे भारतातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९ टक्के खर्च लोकांनी थेट खिशातून भरला, अमेरिकेत हे प्रमाण साधारण ११ टक्के आहे. मग स्वस्त कुणाला?

पण अमेरिका महाग आहेच, आणि का ते नीट बघायला हवं. इथले लोक ऊठसूट डॉक्टरकडे जातात म्हणून नाही. उवे राइनहार्ट हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मधेच मांडलं होतं की बाकी श्रीमंत देशांच्या मानाने अमेरिकन माणूस ना डॉक्टरकडे जास्त जातो ना हॉस्पिटलात जास्त दिवस राहतो, इथे भावच जास्त आहेत. प्रत्येक इन्शुरन्स कंपनी प्रत्येक हॉस्पिटलशी वेगळी घासाघीस करते, त्यामुळे एकाच शहरात एकाच एमआरआयचे वेगवेगळे भाव, आणि ही घासाघीस आणि बिलिंग सांभाळायला दोन्हीकडे माणसांची फौज, तिचा पगारही शेवटी पेशंटच्याच बिलातून निघतो. मेडिकेअरसारख्या, मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या अवाढव्य सरकारी विमा योजनेलासुद्धा २००३ च्या कायद्याने औषधांच्या भावाची बोलणी करायला मनाई होती, ती २०२२ मधे थोडी उठली आणि पहिल्या १० औषधांचे नवे भाव लागू व्हायला २०२६ उजाडलं. जपानमधेही बहुतेक हॉस्पिटलं खाजगीच आहेत, पण सरकार दर दोन वर्षांनी दरपत्रक काढतं आणि ते देशभर एकच.

आपल्याकडे औषधं स्वस्त आहेत तीही आपोआप झालेली नाहीत. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर नव्हे तर ते बनवायच्या पद्धतीवरच पेटंट दिलं, म्हणजे तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवायला मोकळीक राहिली, म्हणून आपल्या जेनेरिक कंपन्या उभ्या राहिल्या. कॅन्सरचं नेक्सावार महिन्याला २,८०,००० रुपयांच्या आसपास होतं, २०१२ मधे नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना (पेटंटवाल्याच्या संमतीशिवाय औषध बनवायची सरकारी परवानगी) मिळाला आणि तेच औषध ८,८०० ला आलं. २०१७ मधे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आली. हॉस्पिटल स्वस्त असण्यात मात्र नर्सच्या तुटपुंज्या पगाराचा मोठा वाटा आहे आणि याबद्दल आपण कधी बोलत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून सगळ्यांना इन्शुरन्स द्या की झालं, असं जे म्हणतात त्यांच्याशी माझं अजिबात पटत नाही. सरकारी योजनेत निदान पॅकेजचे दर ठरलेले असतात, ते परवडत नाहीत अशी हॉस्पिटलांची तक्रार असेल तर हिशोब उघड मांडून दर वाढवा. खाजगी पॉलिसीवाल्याला मात्र कुणी वाली नाही, बिल वाढतं मग प्रीमियम वाढतो, आणि आईवडिलांचं वय झालं की तो भरणंच अशक्य होतं, म्हणजे आपण अमेरिकेतला नेमका वाईट भाग उचलतोय. २०२० मधे कोविडच्या वेळी महाराष्ट्र सरकारने खाजगी हॉस्पिटलांच्या ८० टक्के बेडचे दर बांधून दिले होते. पळवाटा निघाल्या हे मान्य, पण हातात दाखवायला एक कागद तरी होता. मग बाळंतपण, मोतीबिंदू, अपेंडिक्स, अँजिओप्लास्टी एवढ्यांचे तरी दर आत्ता बांधायला काय अडचण आहे, हे निवडणुकीच्या वेळी दारात येणाऱ्या प्रत्येकाला विचारा.