हंपीत पैसे वाचवा, दिवस नको

दिवाळीची सुट्टी जवळ आली की मला ठरलेला मेसेज येतो. "ताई, हंपी कितीत होईल?" कितीत, एवढंच. किती दिवसांत, हे कुणी विचारत नाही, कारण ते आधीच ठरलेलं असतं. शुक्रवारी रात्री गाडी, शनिवार-रविवार हंपी, सोमवारी ऑफिस. मग उरलेली सगळी अक्कल लॉजच्या भाड्यात दोनशे रुपये कुठे सुटतात ते शोधण्यात जाते. आज एकदाच सविस्तर लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळी होईन.

आधी सरळ हिशेब. विजयनगरच्या राजधानीचे हे अवशेष १९८६ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. जवळजवळ ४२ चौरस किलोमीटरचा पसारा, त्यात १६०० हून जास्त वास्तू. एवढ्या पसाऱ्यात पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढावं लागतं ते विठ्ठल मंदिराला आणि जनाना आवाराला. जनाना म्हणजे राणीवसा. लोटस महाल आणि हत्तींचे तबेले त्याच तिकिटात आले. भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्या पोरांना काहीच नाही, आणि तेच तिकीट त्याच दिवशी जवळच्या कमलापूर गावातल्या संग्रहालयातही चालतं. म्हणजे ही तिन्ही ठिकाणं एका दिवसात बसवायची. लक्ष्मी-नरसिंह, बडवीलिंग, दोन्ही गणपती, कृष्णमंदिर, अच्युतराय मंदिर, हजारराम मंदिर, महानवमी दिब्बा म्हणजे उंच दगडी चौथरा, राणीचं स्नानगृह, हेमकूट आणि मातंग या टेकड्या, सगळं फुकट. चाळीस रुपयांत आजकाल लोणावळ्याला चिक्कीचं बरं पाकीट मिळत नाही.

मग पैसे जातात कुठे? रिक्षात.

हंपीजवळच्या होसपेट स्टेशनवर उतरलात की समोर प्लास्टिकमध्ये घातलेलं फोटोंचं कार्ड येतं. फुल डे, इतके पॉइंट. रिक्षावाल्यांना मी नावं ठेवत नाही. गिऱ्हाईकच तसं मागतं, तर ते तरी काय करणार! पण त्या कार्डावर हंपीचं शहरपण कुठेच दिसत नाही. दिसतात ते सुटे सुटे फोटो. विरूपाक्ष मंदिराकडून विठ्ठल मंदिराला रिक्षा जाते ती कमलापूरच्या बाजूने आठ-नऊ किलोमीटरचा वळसा घालून, कारण गाडीरस्ता तसाच आहे. तेच अंतर नदीकाठच्या पायवाटेनं जेमतेम दोन किलोमीटर भरतं. आणि ही पायवाट म्हणजेच खरी हंपी. विरूपाक्षासमोरचा बाजाररस्ता संपला, मोठा नंदी आला, की डावीकडे नदी धरायची. कोदंडराम मंदिर लागतं. जरा आत वळलात की अच्युतराय मंदिर आणि त्याच्यापुढचा लांबच लांब ओसाड बाजार. दोन्ही बाजूंना दगडी खांबांच्या ओळी, मध्ये गवत. पुढे राजाची तुला, दोन खांब आणि वर आडवा दगड. राजा इथे सोन्यानं तोलला जायचा आणि ते सोनं दान व्हायचं, असं सांगतात. मग एकदम विठ्ठल मंदिराचं आवार समोर येतं. रिक्षानं आलेला माणूस पार्किंगमधून, बॅटरीगाडीच्या रांगेतून तिथे पोचतो. चालत आलेला एका शहरातून पोचतो. याला पैसा एक पडत नाही, फक्त अर्धी सकाळ लागते.

आता विठ्ठल मंदिर. आपल्या माणसांचं इथलं वागणं ठरलेलं. २०१७ नंतरची पन्नासाची नोट खिशातून काढायची, तिच्या मागचं दगडी रथाचं चित्र मंदिरातल्या रथाशेजारी धरायचं, फोटो घ्यायचा, निघायचं. अहो, तो रथ नाहीच. ते रथाच्या आकाराचं गरुडाचं देऊळ आहे. १८५६ साली ग्रीनलॉ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं हंपीचे फोटो काढले, त्यात या रथावर विटांचं शिखर दिसतं. आज ते नाही. रथाला जोडलेले हत्तीही मूळचे नव्हेत. त्यांच्या मागे नीट बघा, घोड्यांच्या मागच्या पायांचे अवशेष अजून दगडात आहेत. एवढं बघायला पाच मिनिटं वाकावं लागतं, आणि नेमकी ती पाच मिनिटं पॅकेजमध्ये नसतात.

पण मराठी माणसानं थांबावं ते रथापाशीसुद्धा नाही. मंदिराच्या गाभाऱ्यात जा. तिथे मूर्ती नाही. वारकरी परंपरा सांगते की विजयनगरचा राजा कृष्णदेवराय यानं पंढरपूरचा विठोबा विजयनगरला आणला आणि पैठणचे भानुदास, म्हणजे एकनाथांचे पणजोबा, त्याला परत पंढरीला घेऊन गेले. इतिहासाचे अभ्यासक यावर वाद घालतात, घालू देत. पण लहानपणापासून ही गोष्ट ऐकलेल्या माणसाला त्या मोकळ्या, अंधाऱ्या गाभाऱ्यात उभं राहून काही वाटत नसेल, तर मला त्याचं नवल वाटतं. माझ्याबरोबर आलेल्या एका मावशींनी तिथे कुणाला दिसणार नाही अशा बेतानं हात जोडले आणि "इथे करमलं नसेल त्याला," एवढंच म्हणाल्या. बाहेर लोक नोटा धरून उभे होते.

या मंदिरातले सूर देणारे संगीताचे खांब वाजवायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. "जरा हळूच वाजवतो" असं गार्डला सांगणारे काका आपल्याच भाषेत बोलत असतात, याची लाज वाटते.

दुसरी घाईत मरणारी जागा म्हणजे राजवाड्यांचा परिसर. इथे तिकीट नाही, म्हणून लोकांना वाटतं विशेष काही नसावं. महानवमी दिब्ब्यावर चढून एक सेल्फी, झालं. त्याच आवारात पायऱ्यांची पुष्करणी आहे, १९८० च्या दशकातल्या उत्खननात वर आलेली. काळसर दगडाच्या पायऱ्या इतक्या रेखीव की आजच केल्यासारख्या. काठावर बसून दगड न्याहाळा. कुठला दगड कुठल्या बाजूला, कुठल्या ओळीत बसवायचा याच्या खुणा पाथरवटांनी कोरून ठेवल्यात, त्या अजून वाचता येतात. म्हणजे दगड दुसरीकडे घडवले, खुणा केल्या आणि इथे आणून जुळवले. मग वर बघा, दगडी पन्हळींची रांग खांबांवरून चालत आलेली दिसेल. पाणी त्यातून यायचं. पोर्तुगीज प्रवासी पाएस साधारण १५२० च्या सुमारास इथे आला होता आणि त्याला हे शहर रोमएवढं मोठं वाटलं. ते एवढं मोठं कशाच्या जिवावर झालं, याचं उत्तर त्या पन्हळींत आहे. आजूबाजूला बोडके दगडगोटे, उन्हाळ्यात पारा चाळिशीकडे, आणि मध्ये केळीच्या बागा नि भात. विजयनगरच्या काळातले काही कालवे आजही वाहतात, त्यांच्यावर ही शेती होते. सायकलवरून जाताना कालवा शेजारून सोबत करतो. रिक्षातून तो दिसतो, पण लक्षात येत नाही.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. निदान तीन पूर्ण दिवस काढा, चार असतील तर उत्तम. रिक्षाचे वाचलेले पैसे राहण्यात घाला. गावात सायकल आणि मोपेड भाड्यानं मिळतात. होसपेट ते हंपी जेमतेम १३ किलोमीटर, सरकारी बस सारख्या सुटतात. (बायकांना कर्नाटकात बस फुकट हे ऐकून आमच्या ग्रुपमधल्या सगळ्या जणी खूश झाल्या होत्या. ती शक्ती योजना कर्नाटकात राहणाऱ्या बायकांसाठी आहे. आधारकार्डावर सोलापूर असेल तर मुकाट्यानं तिकीट काढायचं.) खाण्याचा खर्च तर विचारूच नका. सकाळी इडली-वडा, दुपारी जोंधळ्याची भाकरी आणि एणगायी, जी आपल्या भरल्या वांग्याची सख्खी बहीण आहे, संध्याकाळी मिरची भजी. देवळाच्या परिसरात मांसाहार आणि दारू चालत नाही, त्यामुळे तोही खर्च आपोआप वाचतो.

आता राहण्याचं. इथे मला थोडं रागानं लिहायचंय.

"हंपी फक्त दोन हजारात" छापाच्या रील्स बघते तेव्हा मला विचारावंसं वाटतं, हे दोन हजार कुणाच्या जिवावर? विरूपाक्षासमोरच्या बाजाररस्त्याच्या दोन्ही बाजूंना जे जुने मंडप आहेत, त्यांत आणि त्यांच्या आजूबाजूला माणसं राहायची. खाली दुकान, मागे चूल, वर एखादी खोली भाड्यानं. जगभरचे फाटक्या खिशाचे प्रवासी त्यांच्याकडेच उतरायचे. २०११ च्या जुलैमध्ये बुलडोझर लावून ते सगळं पाडलं. नदीपलीकडे विरूपापूर गड्डीची गेस्ट हाऊसं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०२० मध्ये गेली. स्मारकांच्या खांबांना भिंती घालून मोरी बांधू नये, हे मलाही पटतं. पण सोळाव्या शतकात जो रस्ता बाजार होता, तो बाजारच चालू राहिला तर वारशाचा अपमान होतो, हे मला आजतागायत कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. माणसं हलवली ती दूर. मागे राहिलेल्या थोड्या घरांनी, जनता प्लॉट नावाच्या वस्तीच्या गल्ल्यांत, दोन-तीन खोल्या काढून अजून तग धरलाय. स्वस्तात हंपी होते ती या लोकांमुळे. आणि आपण त्यांच्याशीच पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालतो. होसपेटच्या हॉटेलात रूम सर्व्हिसचा चहा मागवताना कुणी भाव करत नाही. कमलापूरजवळ राजवाड्याच्या धाटणीचं आलिशान रिसॉर्ट आहे, तिथे तर नाहीच नाही.

माझ्या ओळखीतल्या एका ग्रुपनं गोल टोपलीच्या होडीवाल्याला इतकं घासलं की त्यानं शेवटी "राहू द्या, बसा" म्हणून नेलं, आणि परत आल्यावर ती गोष्ट पराक्रम म्हणून सांगितली गेली. वर्षातले कित्येक दिवस नदीला पाणी सोडलं की त्याची होडी बंदच असते. घासायचंच असेल तर दुसरीकडे घासा. एसी डबा सोडा, स्लीपरनं जा. हॉटेलातला नाश्ता सोडा. काचेच्या बाटलीतली "विजयनगर आठवण" तर सोडाच.

आणि एक जागा जिथे हात आखडता घ्यायचा नाही, ती म्हणजे गाइड. पहिल्या दिवशी अर्धा दिवस ओळखपत्र असलेला गाइड घ्या, चौघा-पाचांत वाटून घ्या. विरूपाक्ष मंदिरात मागच्या बाजूला एका अंधाऱ्या खोलीत गोपुराची उलटी सावली भिंतीवर पडते, ती जागा तुमची तुम्हाला सापडेलही. पण हजाररामाच्या भिंतीवर रामायण कुठून सुरू होतं आणि कसं फिरत जातं, ते कुणीतरी बोट धरून दाखवावं लागतं. यूट्यूबवर ते कळत नाही, मी सांगते.

येण्याजाण्याचं. मुंबईहून सोलापूर, विजयपूर (म्हणजे आपलं विजापूर), बदामी, गदग असं करत होसपेटपर्यंत थेट एक्स्प्रेस आहे. याच मार्गावर काटकसरीची खरी गंमत आहे. भाडं जरा इकडेतिकडे होईल, पण विजयपूर आणि बदामीला उतरता येतं. विजयपूरला मुलूख मैदान तोफ बघून मग हंपीला गेलात तर गोष्ट नीट लागते. ही तोफ १५४९ मध्ये ओतली गेली ती आपल्या अहमदनगरला. १५६५ च्या जानेवारीत दक्षिणेतल्या सुलतानांनी विजयनगरशी केलेल्या तालिकोटच्या लढाईत ती होती असं म्हणतात. विजयनगरचा कारभार हाती असलेल्या रामरायाचं डोकं उडवण्याचा हुकूम देणारा हुसेन निजामशहाही नगरचाच. त्या लढाईनंतर विजयनगर लुटलं गेलं, जाळलं गेलं. शाळेत हा धडा "दक्षिणेतील सत्ता" म्हणून दोन परिच्छेदांत उरकतात, आणि त्यातली विजापूर आणि हंपी ही दोन गावं एका रेल्वेच्या टप्प्यात येतात हे कुणी सांगत नाही.

कधी जायचं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही हंपी उत्सवाच्या तारखा बघून त्या टाळा, कारण तेव्हा खोल्यांचे भाव ऐकून घाम फुटतो. एप्रिल-मेमध्ये जायचा हट्ट असेल तर सकाळी दहाच्या आत आणि चारनंतरच बाहेर पडा, दगड तापले की टेकडीवर हात टेकवत नाही. मातंग टेकडी सूर्योदयाला चढतात, पण अंधारात एकट्यादुकट्यानं जाऊ नका. आई-वडील बरोबर असतील तर हेमकूट पुरे. चढ सौम्य आहे, छोटी देवळं पसरलेली आहेत आणि विरूपाक्षाचं गोपुर अगदी समोर येतं. त्यांच्यासाठी एक दिवस रिक्षाही करा, माझं काही म्हणणं नाही. फक्त कार्डावरचे अर्धे फोटो आधीच बोटानं झाकून टाका.

आणि सुरुवात कमलापूरच्या संग्रहालयातून करा. अंगणात अख्ख्या हंपीची दगड-टेकड्यांसकट प्रतिकृती आहे. अर्धा तास तिच्याभोवती फिरलात की पुढचे तीन दिवस नकाशा लागत नाही. शुक्रवारी ते बंद असतं, तेव्हा गुरुवारी रात्री निघून शुक्रवारी पोचणाऱ्यांनी तिकिटाचा दिवस शनिवार धरावा.

कमेंटमध्ये "टोटल किती झाला ताई" असं विचारलंत तर मी आधी "रजा किती दिवसांची टाकलीस?" असं विचारणार आहे.