‘खुबा बदलू नका, हाड वाचवा’ म्हणणाऱ्या संदेशाबद्दल

“खुबा दुखतोय? सांधा बदलू नका, दहा वर्षांत तो जातो. हाडाला भोक पाडून घ्या, नाहीतर दुर्बिणीने सांधा साफ करा. अगदीच वेळ आली तर रीसरफेसिंग, त्यात हाड कापत नाहीत.” हा संदेश तुमच्यापर्यंतही आला असेल.

आधी दहा वर्षांचं बघू. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली आलेल्या आढाव्यात १५ वर्षांनी सुमारे ८९ टक्के आणि २५ वर्षांनी सुमारे ५८ टक्के कृत्रिम खुबे टिकून होते. तरुणपणी बदलला तर पुन्हा टेबलावर जायची शक्यता जास्त, एवढं मात्र खरं.

भोक पाडण्याचा उपाय खोटा नाही, पण त्याची वेळ ठरलेली असते. एव्हीएनमध्ये (अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस) मांडीच्या हाडाच्या डोक्याचा, म्हणजे खुब्यातल्या चेंडूचा, रक्तपुरवठा तुटतो. स्टेरॉइड आणि दारू ही त्याची नेहमीची कारणं. भोक पाडून आतला दाब कमी करतात, तो चेंडू गोल आहे तोवरच. एक्स-रेत कूर्चेखाली (हाडावरच्या गुळगुळीत आवरणाखाली) चंद्रकोरीसारखी बारीक काळी रेघ उमटली, की आतलं हाड ढासळू लागलेलं असतं. पिचकलेला चेंडू भोक पाडून गोल होत नाही. सुरुवातीला तर एक्स-रे साफ येतो आणि दुखणं एमआरआयमध्येच सापडतं. नेमका हा मुद्दा संदेशात नाही.

चेंडू ज्या वाटीत फिरतो तिची फाटलेली कड दुर्बिणीने शिवता येते, हाडाचा नडणारा उंचवटा तासता येतो. झिजलेल्या सांध्यात साफ करायला कचरा नसतोच, कूर्चा संपलेली असते. चेंडू आणि वाटी यांच्यातली फट दोन मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल, तर बरेचदा पुढे सांधा बदलावाच लागतो.

रीसरफेसिंगमध्ये चेंडू छाटत नाहीत, पण तासतात आणि त्यावर धातूची टोपी बसवतात. वाटीही खरवडावी लागतेच. धातूवर धातू घासून कोबाल्ट-क्रोमियम रक्तात उतरतं. डीप्यू कंपनीने २०१० मध्ये आपले ‘एएसआर’ नावाचे सांधे परत मागवले, ते याच जातीचे. मोठ्या हाडापेराच्या तरुण पुरुषांत काही बनावटी चांगल्या टिकल्या आहेत. स्त्रियांमध्ये, लहान चेंडूंवर, निकाल वाईट.

गंमत म्हणजे उथळ वाटी असलेल्या तरुणांचा सांधा खरोखर वाचवणारी शस्त्रक्रिया या यादीतच नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे सर्जन राइनहोल्ड गांझ यांनी १९८४ मध्ये ती सुरू केली. त्यात वाटीभोवतीचं हाड कापून, वाटी चेंडूवर नीट झाकेल अशी फिरवून, स्क्रूने बसवतात.