‘मुलींचा बास्केटबॉल पुरुषांच्या पैशावर चालतो’ म्हणे!

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुतणीचा फोटो आला. शाळेच्या संघात निवड झाली म्हणून नवी जर्सी घालून, काखेत बॉल घेऊन उभी. खाली अंगठे, फुलं, ‘शाब्बास’. आणि त्याच्याच खाली आमच्या एका भाऊजींनी चिकटवलेला लांबलचक फॉरवर्ड : ‘महिला बास्केटबॉलचं कटू सत्य’. हा मजकूर बरेच दिवस इकडून तिकडे फिरतोय. इतके दिवस मी न वाचता उडवत होते. पण अकरा-बारा वर्षांच्या पोरीच्या फोटोखाली तो आला, तिने तो वाचला आणि ‘काकू, हे खरंय का?’ असं मला वेगळं विचारलं. मग गप्प बसणं जमेना.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. अमेरिकेत कॉलेजच्या मुलींचा बास्केटबॉल केटलिन क्लार्क नावाच्या एकटीमुळे गाजला. ती कॉलेज संपवून बाहेर पडली आणि फुगा फुटला. तिच्याआधी त्या खेळाला काळं कुत्रं विचारत नव्हतं. मुलींसाठी रिंग खाली लावतात. संघात एक स्टार, बाकी भरती. शाळेतली मुलंसुद्धा त्यांना हरवतील. डंक (उडी मारून बॉल वरून थेट रिंगमध्ये कोंबणं) मारता येत नाही. आणि हे सगळं पुरुषांच्या कमाईवर पोसलेलं दानधर्माचं खातं आहे. शेवटी हात जोडलेले आणि ‘मुलींना वेळीच वास्तव सांगा’.

मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात राहते. क्लार्क ज्या आयोवा विद्यापीठाकडून खेळली, त्यांचं कार्व्हर-हॉकाय अरीना माझ्या नेहमीच्या वाटेवर आहे. तेव्हा भाऊजी, वास्तव सांगते.

रिंगपासून सुरू करू, कारण हा मुद्दा निव्वळ बाष्कळ आहे. रिंग जमिनीपासून 10 फुटांवर असते. मुलांची 10, मुलींची 10. जगातल्या कुठल्याही जिममध्ये जा, एकच बोर्ड असतो, त्याच्यावर सकाळी मुली खेळतात आणि संध्याकाळी मुलं. हे पिल्लू कुठून निघालं असेल याचा मला अंदाज आहे. कनेटिकट विद्यापीठाच्या मुलींच्या संघाचे कोच जीनो ऑरिएमा यांनी 2012 मध्ये रिंग सातेक इंच खाली घ्यावी अशी सूचना केली होती. चर्चा झाली, वाद झाले, रिंग होती तिथेच राहिली. बॉल मात्र वेगळा आहे, हे मान्य : मुलींचा बॉल घेराला साडेअठ्ठावीस इंच, मुलांचा साडेएकोणतीस. कॉलेजमध्ये हा लहान बॉल 1984-85 च्या मोसमापासून आला. त्याआधी मुली मुलांच्याच बॉलने खेळायच्या. थ्री-पॉइंटची रेघ (जिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन पॉइंट मिळतात) 2021-22 पासून दोघांनाही सारखीच लांब आहे. खेळ दोघांचाही 40 मिनिटांचा, फक्त मुलांचे दोन हाफ आणि मुलींचे चार क्वार्टर. झालं.

आता ‘एक स्टार, बाकी भरती’. हे लिहिणाऱ्याने 7 एप्रिल 2024 ची कॉलेजच्या मुलींची राष्ट्रीय फायनल पाहिलेली नाही, याची मी खात्री देते. क्लीव्हलंडमध्ये आयोवा विरुद्ध साउथ कॅरोलायना विद्यापीठ. आमची आयोवा 10-0 ने पुढे. साउथ कॅरोलायनाला अजून खातं उघडता आलं नव्हतं आणि आमच्या हॉलमध्ये लोक सोफ्यावरून उठून उभे होते. क्लार्कने पहिल्या क्वार्टरमध्ये एकटीने 18 पॉइंट केले. फॉरवर्डच्या हिशेबाने मॅच तिथेच संपायला हवी होती, नाही का? स्टार आमच्याकडे होती!

संपली उलट दिशेने. साउथ कॅरोलायनाच्या कोच डॉन स्टेली यांनी रेव्हन जॉन्सनला क्लार्कच्या मागे लावलं. वर्षभरापूर्वीच्या सेमीफायनलमध्ये याच रेव्हनला क्लार्कने हात झटकून ‘मार तू, लांबून मार, तुला कोण अडवतंय’ अशा थाटात मोकळं सोडलं होतं, आणि तो क्षण जगभर हसत-हसत फिरवला गेला होता. या वेळी ती क्लार्कला चिकटली ती सुटलीच नाही. हाफटाइमच्या तोंडावर तिने क्लार्कच्या हातातून बॉल काढला आणि सरळ जाऊन ले-अप टाकला. 49-46, साउथ कॅरोलायना पुढे. मी त्या बास्केटला शिव्या घातल्या आणि मनातून टाळ्याही वाजवल्या. पहिल्या क्वार्टरमध्ये 18 करणारी क्लार्क उरलेल्या तीन क्वार्टरमध्ये मिळून 12 वर अडली.

आणि तुमची ‘भरती’? साउथ कॅरोलायनाच्या बेंचवरून, म्हणजे राखीवांतून, उठून आलेल्या मुलींनी 37 पॉइंट केले. आमच्या बेंचने शून्य. टेसा जॉन्सन, कॉलेजचं पहिलं वर्ष, बेंचवरून येऊन 19. बोर्डाखाली ब्राझीलची सहा फूट सात इंची कमिला कार्डोसो : 15 पॉइंट आणि 17 रिबाउंड. शॉट चुकला की आमच्या मुली उडी मारायच्या आणि बॉल तिच्या हातात गेलेला असायचा. रिबाउंडचा हिशेब 51 विरुद्ध 29 असा सुटला. एवढे जास्तीचे चेंडू दिल्यावर कोणीही हरेल. निकाल 87-75. साउथ कॅरोलायनाचा तो मोसम 38-0, एकही हार नाही. आणि गंमत म्हणजे आदल्या वर्षीच्या त्यांच्या पाचही स्टार्टर (मॅच सुरू होताना कोर्टवर उतरणाऱ्या) मुली संघ सोडून गेल्या होत्या. पाचही! एका स्टारवर चालणारा खेळ असता तर हा संघ वर्षभर एकही मॅच न हरता कसा राहिला असता, हे मला फॉरवर्ड करणाऱ्याने समजावून सांगावं.

बरं, आता ‘क्लार्क गेली, फुगा फुटला’. इथे मला थोडं नमतं घ्यावं लागतंय, नाइलाजाने. ती फायनल अमेरिकेत 1 कोटी 85 लाखांहून जास्त लोकांनी पाहिली. पुरुषांची त्याच वर्षीची फायनल पाहणारे होते सुमारे 1 कोटी 48 लाख. महिलांच्या फायनलने पुरुषांना मागे टाकण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी, 2025 मध्ये, क्लार्क नाही, आयोवा नाही. कनेटिकटने साउथ कॅरोलायनाला 82-59 असं लोळवलं आणि प्रेक्षक आले 85 लाखांच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून कमी. शिवाय 2024 ला मुलींची फायनल घरोघर फुकट दिसणाऱ्या चॅनेलवर होती आणि मुलांची केबलवर, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. तेव्हा क्लार्कमुळे प्रेक्षक आले आणि तिच्याबरोबर बरेच गेले, हे खरंच आहे.

पण अर्धंच. कारण 2022 ची फायनल, म्हणजे क्लार्कचा गवगवा व्हायच्या आधीची, हेच दोन संघ, 48 लाख लोकांनी पाहिली होती. तीन वर्षांत 48 चे 85 झाले. तेही एकतर्फी मॅचला, जी तिसऱ्या क्वार्टरलाच आटोपली होती. ह्याला फुगा फुटणं म्हणत असाल तर आमच्या शेअरबाजारवाल्या भाऊजींना असे फुगे रोज मिळोत.

आणि ‘तिच्याआधी काळं कुत्रं विचारत नव्हतं’ हे तर आयोवात येऊन म्हणून दाखवा. 3 फेब्रुवारी 1985, हेच कार्व्हर-हॉकाय, आयोवाच्या मुली विरुद्ध ओहायो स्टेट. क्लार्कचा जन्म व्हायला अजून सतरा वर्षं होती. कोच सी. व्हिव्हियन स्ट्रिंगर. त्या दिवशी 22,157 माणसं आत होती. हे अरीना टेकडीत खणून केलंय. तुम्ही रस्त्यावरून आत शिरता ते सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि पायऱ्या खाली कोर्टकडे उतरत जातात. तेव्हा जागा होती साडेपंधरा हजारांच्या आसपास. म्हणजे उरलेले सहा-साडेसहा हजार पायऱ्यांवर, कठड्यांवर, कुठे कुठे होते देव जाणे.

त्याच्याही आधी इथल्या शाळांमध्ये मुलींचा सहा-सहांचा बास्केटबॉल होता. तीन मुली (फॉरवर्ड) फक्त बास्केट करणार, तीन (गार्ड) फक्त अडवणार, मधली रेघ कोणी ओलांडायची नाही, दोनच ड्रिबल. मुलींना जास्त पळणं झेपणार नाही असं तेव्हाच्या शहाण्यांचं मत. (फॉरवर्ड तेव्हाही होते, फक्त कागदावर.) तरी डी मॉइनच्या राज्य स्पर्धेला हॉल भरून वाहायचा आणि टीव्हीवर मॅच दिसायची. ते 1993 पर्यंत चाललं. इथल्या साठीच्या पुढच्या बायकांशी बोला. ‘मी फॉरवर्ड होते’, ‘मी गार्ड होते’ हे त्या आडनाव सांगावं तसं सांगतात.

आता दानधर्म. हा मुद्दा मला खरा झोंबलाय, कारण हाच ऐकून आईबाप पोरींचे बूट कपाटात ठेवतात.

ही सगळी स्पर्धा चालवणाऱ्या एनसीएएच्या हिशेबात मुलींची स्पर्धा वर्षानुवर्षं तोट्यात दिसायची आणि पुरुषांची प्रचंड नफ्यात. हे खरं. बहुतेक विद्यापीठांत मुलींचा संघ आपला खर्च भरून काढत नाही, हेही खरं. तसे पुरुषांचे कुस्ती-पोहण्याचे संघही काढत नाहीत आणि त्यांना कोणी भिकारी म्हणत नाही. पण तोटा का दिसायचा, हे बघायला मार्च 2021 मध्ये जावं लागेल. कोविडमुळे पुरुषांची अख्खी स्पर्धा इंडियानापोलिस आणि आसपास, मुलींची सॅन अँटोनिओ आणि आसपास. ओरेगॉन विद्यापीठाची खेळाडू सेडोना प्रिन्स हिने मोबाइलवर व्हिडिओ काढला : पुरुषांना भलीमोठी व्यायामशाळा, आणि मुलींना डंबेल्सचा एक स्टँड, शेजारी योगाच्या चटया. आयोजक म्हणाले, जागा कमी पडली. तिने मोबाइल फिरवला. हॉल मोकळाच पडलेला.

बोंब झाल्यावर एनसीएएनेच कॅप्लन हेकर अँड फिंक या वकिलांच्या कंपनीला चौकशीला बसवलं. त्यांचा अहवाल ऑगस्ट 2021 मध्ये आला. भाऊजी, एकच गोष्ट वाचायची असेल तर ही वाचा. मुलींच्या स्पर्धेचे प्रक्षेपणाचे हक्क कधी स्वतंत्र विकलेच नव्हते. 29 वेगवेगळ्या स्पर्धांच्या गाठोड्यात बांधून ईएसपीएन या खेळांच्या चॅनेलला दिले होते. अख्ख्या गाठोड्याचे वर्षाला साधारण 3 कोटी 40 लाख डॉलर. अहवालाचा अंदाज काय? 2025 पासून एकट्या मुलींच्या बास्केटबॉलचे हक्क वर्षाला 8 कोटी 10 लाख ते 11 कोटी 20 लाख डॉलरच्या तोलाचे. एखाद्या कंपनीला फक्त मुलींच्या स्पर्धेची प्रायोजक व्हायचं असेल तर सोय नव्हती. पुरुषांचंही पॅकेज घ्या, नाहीतर चालू पडा. ‘मार्च मॅडनेस’ हे या स्पर्धेचं गाजलेलं नाव तर 2022 पर्यंत मुलींना वापरायचीच परवानगी नव्हती. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून ठेवायचं, माल उकिरड्याच्या भावाने काढायचा, आणि वर म्हणायचं की ह्याला गिऱ्हाईक नाही!

आणि बक्षिसाच्या पैशांचं ऐका. पुरुषांचा संघ या स्पर्धेत जेवढा पुढे जाईल तेवढे पैसे त्याच्या कॉन्फरन्सला (विद्यापीठांच्या गटाला) मिळतात. 1991 पासून ही पद्धत आहे. मुलींसाठी तसा निधी पहिल्यांदा आला 2025 मध्ये. कनेटिकटच्या मुलींनी आजवर जिंकलेल्या 12 अजिंक्यपदांपैकी 11 त्याच्या आधीची. त्या अकरांतल्या एकाही विजयावर या खात्यातून एक डॉलर मिळाला नाही. मध्ये एकदा त्यांनी सलग 111 सामने जिंकले होते. त्याचेही शून्य.

जानेवारी 2024 मध्ये ईएसपीएनशी नवा करार झाला : 8 वर्षं, 92 कोटी डॉलर, पुन्हा 40 स्पर्धांचं गाठोडंच. त्यात मुलींच्या बास्केटबॉलचा वाटा वर्षाला साडेसहा कोटी डॉलरच्या आसपास धरलाय. अहवालाच्या सगळ्यात खालच्या आकड्यापेक्षाही कमी. कोण कोणाला पोसतंय, ते आता तुम्हीच मोजा.

शाळेतली मुलं हरवतील, हे राहिलं. मुलगे उंच असतात, जोरात पळतात, ही बातमी नाही. कॉलेजच्या मुलींचे संघ विद्यापीठातल्याच मुलग्यांना बोलावून त्यांच्याविरुद्ध सराव करतात, वर्षानुवर्षं करतात, मुद्दाम करतात. म्हणून काही कोणी आपली मॅच बघायची सोडत नाही. वजनदार गटातला पैलवान हलक्या गटातल्याला चीत करेल म्हणून आपण हलक्या गटाची कुस्ती अर्ध्यात सोडून उठतो का?

डंक. 21 डिसेंबर 1984, वेस्ट व्हर्जिनियातलं एल्किन्स गाव, जॉर्जिअन वेल्स. कॉलेजच्या सामन्यात डंक मारणारी पहिली मुलगी. तिथे टीव्हीचे कॅमेरे नव्हते. एक टेप होती, पण ती विरोधी संघाच्या कोचकडे, आणि त्यांनी ती कोणालाही दिली नाही. लोकांना तो डंक पाहायला मिळाला 2009 मध्ये, कोच वारल्यावर त्यांच्या मुलाकडून. भाऊजींना तो व्हिडिओ मी ग्रुपवरच पाठवलाय. निळी टिक आली आहे, उत्तर आलेलं नाही.