स्टिकी मॅक लावला म्हणजे झालं? नाही हो!

सध्या एक मेसेज सारखा फॉरवर्ड होतोय: वायरच्या लॅनला (ऑफिसच्या नेटवर्कला) ८०२.१एक्सची (ओळख पटल्यावरच मशीनला नेटवर्कमध्ये सोडणाऱ्या पद्धतीची) गरजच नाही, पोर्ट सिक्युरिटीत मॅक स्टिकी करा (म्हणजे स्विचच्या पोर्टला जोडलेल्या मशीनचा मॅक, म्हणजे हार्डवेअर पत्ता, लक्षात ठेवून फक्त त्यालाच आत घ्यायला लावा) तेवढं बास, ८०२.१एक्सने प्रिंटर बंद पडतात आणि रेडियस (ओळख तपासणारा सर्व्हर) गेला की अख्खं ऑफिस ठप्प.

पहिली गोष्ट, मॅकवरून ओळख पटतच नाही. प्रिंटरचा मॅक त्याच्या स्टिकरवर छापलेला असतो, आणि लॅपटॉपचा मॅक लिनक्सवर एका कमांडने बदलतो. प्रिंटरची केबल काढून लॅपटॉपला लावली, मॅक तोच टाकला, की स्विच मुकाट आत घेतो. पोर्ट सिक्युरिटी वाईट नाही, खोटे मॅक पाठवून स्विचचं टेबल भरायचा हल्ला ती छान अडवते, पण माणूस किंवा मशीन कोण आहे हे तिला कळत नाही.

प्रिंटरची तक्रार मात्र खरी आहे, फक्त दोष डिफॉल्ट टायमरचा आहे. सिस्कोच्या स्विचवर टीएक्स-पिरियड (ओळख विचारून उत्तराची वाट बघायचा वेळ) ३० सेकंद असतो, स्विच एकदा विचारतो, मग अजून २ वेळा, म्हणजे ९० सेकंद गेल्यावर मॅब (८०२.१एक्स न येणाऱ्या उपकरणाला मॅकवरून आत घेणं) सुरू होतं, आणि तोवर कितीतरी प्रिंटर आयपी मागून मागून थांबलेले असतात, मग लोक म्हणतात डॉट१एक्सने (८०२.१एक्सनेच) प्रिंटर मारला. टीएक्स-पिरियड १० करा, हेच ३० सेकंदांवर येतं. आणि मॅबसुद्धा शेवटी मॅकच बघतं, म्हणून असली उपकरणं वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवरच्या वेगळ्या नेटवर्कमध्ये) टाकून एसीएलने (कुणी कुठे जायचं याच्या नियमांनी) फक्त प्रिंट सर्व्हरपर्यंतच जाऊ द्या, हे बरेच जण विसरतात.

रेडियस गेला तर? दोन सर्व्हर ठेवा आणि क्रिटिकल व्हीलॅन कॉन्फिगर करा, सर्व्हर उत्तर देत नसेल तर स्विच पोर्टला तिथे टाकतो. खर्चाचं म्हणाल तर फ्रीरेडियस हे रेडियस सर्व्हरचं सॉफ्टवेअर फुकट आहे.

८०२.१एक्सलाही मर्यादा आहे, ते मी लपवणार नाही. ओळख पटल्यावर पुढच्या प्रत्येक फ्रेमची (डेटाच्या तुकड्याची) तपासणी ते करत नाही, त्यामुळे खऱ्या मशीनच्या आणि स्विचच्या मध्ये कुणी छोटा ब्रिज (दोन्हीकडे जोडलेलं उपकरण) बसवला तर तो घुसू शकतो, त्यासाठी मॅकसेक (प्रत्येक फ्रेम खरी आहे का ते तपासणारी पद्धत) लागतं.

आणि प्लीज, सगळे पोर्ट एका रात्रीत बंद करू नका. आधी स्विचवर 'ऑथेंटिकेशन ओपन' ही सेटिंग टाकून काही आठवडे चालवा, कुणी अडत नाही आणि नापास होणारं प्रत्येक मशीन लॉगमध्ये दिसतं, ती यादी संपवली की मगच ओपन काढा.