डिजिटल फळा आणि भाषेचा तास : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

भाषेच्या तासाला डिजिटल फळा (म्हणजे संगणकाला जोडलेला, बोटाने शब्द व चित्रे सरकवता येणारा फळा) वापरावा, या माझ्या प्रतिपादनावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभारी आहे. भाषा बोलण्याने येते, एक विद्यार्थी पुढे जाऊन चित्रे सरकवतो तेव्हा उरलेला वर्ग बघत बसतो, आणि हे सगळे खडूने होत असताना एवढा खर्च कशाला, असा आपल्या म्हणण्याचा थोडक्यात आशय आहे.

वर्ग बघत बसतो, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. इंग्लंडमधील प्राथमिक शाळांतले साक्षरतेचे आणि गणिताचे तास पाहून स्मिथ, हार्डमन आणि हिगिन्स यांनी २००६ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात अशा फळ्यामुळे तासाचा वेग वाढल्याचे आणि गटकार्याला मिळणारा वेळ घटल्याचे आढळले होते. लंडनच्या माध्यमिक शाळांसंबंधीच्या २००७ च्या अहवालातही फळे आल्याने निकाल सुधारले, असे काही दिसले नाही. तरीही ही घाई फळ्यासोबत आलेली नाही. अमेरिकन शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकातच दाखवून दिले होते की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि तो अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला की उत्तरे लांब व विचारपूर्वक येऊ लागतात. त्या वर्गांत डिजिटल फळे नव्हते.

माझे म्हणणे एवढेच आहे की फळ्याला कोणी बोट लावले यावरून वर्गाचा सहभाग मोजू नये. मराठी नव्याने शिकणाऱ्यांच्या तासाचे उदाहरण घेऊ. फळ्यावर 'मुलीने पत्र लिहिले' हे वाक्य आहे. शिक्षक पट्टी ओढून क्रियापद झाकतात, 'पत्र' बाजूला सरकवून त्या जागी 'कविता' ठेवतात आणि गप्प राहतात. शेजारीशेजारी बसलेल्यांनी आपसांत बोलून क्रियापद ठरवायचे आणि ते का, हेही सांगायचे. 'लिहिली' निघते, मग 'निबंध' येतो, 'लिहिला' निघते. आता कर्म तसेच ठेवून 'मुलीने'च्या जागी 'मुलाने' आणले, की क्रियापद बदलावे की नाही यावर वर्गात चांगलीच जुंपते, आणि पट्टी सरकल्यावर 'लिहिला' जागचे हललेले नाही, हे सर्वांना दिसते. पुढच्या आठवड्यात तेच पान उघडून खाली 'मुलीने मैत्रिणीला बोलावले' हे वाक्य जोडले, तर कर्माला 'ला' लागताच क्रियापद कर्माचे ऐकेनासे होते, हे जुन्या वाक्यांशेजारी ठेवून तपासता येते. कर्मणी (क्रियापद कर्माप्रमाणे बदलते तो प्रयोग) आणि भावे (ते कर्ता वा कर्म कोणाप्रमाणेच बदलत नाही तो प्रयोग) ही नावे त्यानंतर सांगितली तरी चालतात, किंबहुना तेव्हाच सांगावीत. या संपूर्ण पाठात फळ्याला शिक्षकांखेरीज कोणाचाही हात लागत नाही, तरी बोलतो तो वर्गच.

खडूने हे होत नाही, असे मी म्हणणार नाही. पण खडूचा फळा भरला की आधीची वाक्ये पुसल्याशिवाय पुढच्यांना जागा होत नाही, आणि तास संपला की विद्यार्थ्यांनी सुचवलेली, खोडलेली, दुरुस्त केलेली सगळी रूपे डस्टरखाली जातात. भाषेच्या शिक्षकाला नेमकी तीच खाडाखोड पुन्हा हवी असते. (तयार रंगीत प्रश्नमंजूषांविषयी आपण जे लिहिले आहे, त्यावर माझा वाद नाही, त्या मलाही कंटाळवाण्या वाटतात.)

राहिला खर्च. साध्या पांढऱ्या फळ्यावर प्रोजेक्टर टाकून संगणकावर शब्द सरकवले, तरी वरचा पाठ जवळपास जसाच्या तसा घेता येतो. फक्त शिक्षकांना दर वेळी संगणकाकडे परतावे लागते आणि फळ्यावर हाताने लिहिलेले पानासोबत साठवले जात नाही. या दोन सोयींसाठी किती पैसे मोजावेत, हे त्या शाळेतील भाषाशिक्षकांना खरेदीपूर्वी विचारायला हवे. आधी फळे बसवायचे आणि मग ते कसे वापरावेत याचे प्रशिक्षण ठेवायचे, ही पद्धत मला उलटी वाटते, आणि आपल्या प्रतिक्रियेतला राग बहुधा तिच्यावरच आहे.