द्नीस्तरचा पूल आणि आमचं भारनियमन

'आयजीआय टू' हा संगणकावरचा गेम कसा वाटला, असं कुणी विचारलं की मी उत्तर देण्याआधी उलट विचारतो, "तेव्हा तुमच्या घरी इन्व्हर्टर होता का?" लोकांना हा प्रश्न आगाऊ वाटतो. पण वीस वर्षं या एका विषयावर तीन मित्रांशी भांडून मी या निष्कर्षाला आलो आहे. या गेमबद्दल माणसाचं मत काय असेल, हे गेमवर कमी आणि त्याच्या घरच्या विजेवर जास्त अवलंबून असतं.

ज्यांचं बालपण क्रिकेट खेळण्यासारख्या सरळमार्गी गोष्टीत गेलं, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नॉर्वेतल्या ऑस्लो शहरात इनरलूप नावाची एक कंपनी होती. तिने 2000 साली 'प्रोजेक्ट आयजीआय' हा गेम काढला. आयजीआय म्हणजे 'आय अ‍ॅम गोइंग इन', मी आत चाललो. डेव्हिड जोन्स नावाचा एकटा माणूस, शत्रूचा भलामोठा तळ, आणि त्यात घुसायचं. आपल्याकडे हा गेम किती चालला म्हणून सांगू! सायबर कॅफेत जागा मिळायची नाही. तालुक्याच्या गावात ज्याला संगणक 'चालू कसा करायचा' एवढंच येत होतं, त्यालाही जोन्सला तारेच्या कुंपणापलीकडे कसं न्यायचं हे ठाऊक होतं. या पहिल्या भागात चौदा मिशन होती आणि मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोयच नव्हती. तासभर सरपटत, रांगत, श्वास रोखून शेवटच्या दारापर्यंत आलात आणि मागून एका शिपायाने गोळी घातली, की पुन्हा कुंपणाबाहेर. परीक्षेत शेवटच्या प्रश्नाला चूक झाली म्हणून बालवाडीत पाठवावं, तसं.

मग 2003 मध्ये दुसरा भाग आला, 'कोव्हर्ट स्ट्राइक'. आमच्या गावात तो पोचेपर्यंत 2005 उजाडलं. तोही निळ्या स्केचपेनने नाव लिहिलेल्या सीडीवर. तिचा कायदेशीर वंश कुणी विचारला नाही. आता मिशन एकोणीस. जमिनीवर पालथं झोपता येऊ लागलं. आणि मुख्य म्हणजे, मध्येच सेव्ह करता येऊ लागलं. पण किती वेळा? तर मोजून. तुम्ही गेम जितका अवघड निवडाल तितके सेव्ह कमी.

पहिल्या भागात सेव्हचं पाणीच नव्हतं, त्यामुळे तक्रार नव्हती. दुसऱ्यात टँकर आला आणि तेव्हापासून भांडणं सुरू झाली.

2005-06 चं भारनियमन ज्यांनी ग्रामीण महाराष्ट्रात काढलं त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे तीन कागद चिकटवलेले असत. दूधवाल्याचा हिशेब, माझं दहावीचं वेळापत्रक आणि लाइट जाण्याचं वेळापत्रक. यातलं तिसरं सर्वांत काटेकोरपणे पाळलं जाई, फक्त उलट्या बाजूने. म्हणजे जाण्याची वेळ अचूक, येण्याची देवाच्या हवाली. शिवाय वेळापत्रकाबाहेरची म्हणून जी जायची ती वेगळी. तिला कागद लागत नसे, थोडा वारा पुरे.

आता माझी अवस्था बघा. जोन्स रोमानियाच्या डोंगरात. समोर टेहळणीचा मनोरा, त्यावर स्नायपर. डावीकडे कॅमेरा गोल फिरतोय. तो बंद करायचा तर आतल्या खोलीतल्या संगणकापर्यंत जायला हवं आणि आत जायचं तर कॅमेऱ्यासमोरून जायला हवं. (हे वाचून कुणाला तहसील कचेरी आठवली असेल तर तो योगायोग आहे.) अशा वेळी इतर देशांतला खेळाडू काय विचार करत असेल? पहारेकरी वळला की पळू, एवढंच. मी विचार करत असे की सहा वाजून पाच मिनिटं झाली, लाइट सव्वासहाला जाणार, हातात दोन सेव्ह, त्यातला एक आत्ता उडवला तर संगणकाच्या खोलीसाठी एकच उरतो, आणि आज मंगळवार, म्हणजे कधी कधी दहा मिनिटं आधीच जाते. गेम बनवणाऱ्यांनी शत्रू रशियन आणि चिनी ठेवले होते. आमचा शत्रू गावाबाहेरच्या सबस्टेशनमध्ये बसून चहा पीत असे.

आमच्याकडे यूपीएस होता, नाही असं नाही. पण त्याची बॅटरी म्हातारी झालेली. लाइट गेली की तो पीं-पीं-पीं करून जेमतेम दोन मिनिटं तग धरायचा, आणि तेवढ्यात आई आतून ओरडायची, "बंद कर ते आधी! जळेल!" एकदा मी तो आवाज गेममधला अलार्म समजलो आणि जोन्सला घेऊन भिंतीवरचं बटण शोधत फिरलो. सापडेपर्यंत स्क्रीन काळी.

बाबांचा या सगळ्याशी एकदाच संबंध आला. जोन्सकडे एक छोटा संगणक असतो, त्यात उपग्रहावरून तळाचा नकाशा दिसतो. इमारती, रस्ते, फिरणारे शिपाई. मी तो उघडून बसलो होतो. बाबा मागे उभे राहून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता अभ्यासाचा विषय निघणार. ते म्हणाले, "यात आपलं वावर दिसतं का रे? बांधावर त्या लोकांनी दगड पुढे सरकवलाय का बघ जरा." गेमविषयी आमच्या घरात व्यक्त झालेलं हे एकमेव अनुकूल मत.

आता मित्रांची मतं. आमच्यातला वकील (खरा वकील नंतर झाला, पण वाद तेव्हापासून) ठाम होता की पहिला भागच खरा. "सेव्ह दिला की माणूस बिघडला. आधी कसं, एक चूक आणि खलास. त्यात पुरुषार्थ होता." वाक्य भारी होतं. फक्त त्याच्या वडिलांचं पिठाच्या गिरणीशेजारी झेरॉक्सचं दुकान होतं आणि दुकानाच्या इन्व्हर्टरची एक वायर भिंतीतून थेट त्याच्या खोलीत आली होती. अख्खं गाव अंधारात असताना त्या खोलीची खिडकी निळसर उजळलेली असे. उपास सोसतो म्हणणाऱ्याच्या खिशात शेंगदाणे असतात, तसला पुरुषार्थ.

सरपंचाचं (हे नुसतं टोपणनाव) मत वेगळं. त्याला मुळात लपणंच मान्य नव्हतं. "मिशीवाल्या माणसाने पालथं झोपून सरपटायचं? चोर आहे का तो?" मग तो मशिनगन काढून फाटकातून सरळ आत जाई. पहिल्या भागात हे थोडंफार खपून जायचं, अलार्म वाजला तरी बराकीतून येणारे शिपाई एकाच दारातून रांगेत येत आणि दाराबाहेर उभं राहिलं की झालं. दुसऱ्यात शिपायांची नजर सुधारली. इतकी सुधारली की झाडीत झोपलेला जोन्स आम्हाला स्क्रीनवर नाक लावूनही दिसत नसे, पण त्या मनोऱ्यावरच्याला दिसे. सरपंच पहिल्या मिशनच्या फाटकावर किती वेळा मेला याची मोजदाद आम्ही सोडून दिली. त्याचा शेरा एकच, "गेम भंकस आहे." पुढे त्याने ग्रामपंचायत निवडणूक लढवली, तीही फाटकातून सरळ आत जाऊन. निकाल वेगळा लागला नाही.

मला विचाराल तर शिपायांच्या नजरेबद्दलची त्याची तक्रार रास्त होती. अवघड असणं वेगळं आणि अन्याय्य असणं वेगळं. मी चुकीच्या वेळी पळालो आणि मेलो, तर गुन्हा कबूल. पण कुठून गोळी आली, कुणी घातली, माझं काय चुकलं, यातलं काहीच न कळता मरायचं, यात शिकण्यासारखं काय? आमच्या भूमितीच्या सरांनीसुद्धा मारताना कारण सांगितलं.

आणि मग गप्पू. गप्पू फार बोलत नसे, म्हणून गप्पू. आम्ही सगळे 'द ब्रिज अक्रॉस द द्नीस्तर' या मिशनवर अडकलो होतो. द्नीस्तर ही युक्रेन आणि मोल्दोव्हातून वाहणारी नदी, हे आज माहीत आहे. तेव्हा त्या स्पेलिंगमध्ये एकच स्वर होता, तोही चुकून राहिल्यासारखा, त्यामुळे आम्ही तिला 'डेनिसची नदी' म्हणत असू. डेनिस कोण, हे कुणी विचारलं नाही. पूल म्हणजे आडोशाची मारामार, आणि आमच्याकडे संध्याकाळचे दोन तास. दोन महिने आमचा जोन्स त्या पुलावर दर संध्याकाळी मरत होता. कधी गोळीने, कधी सव्वासहाने. आणि एक दिवस कॅफेबाहेर वडापाव खाताना गप्पू हळूच म्हणाला, "मी लिबिया संपवला."

लिबिया! पुलाच्या कितीतरी पुढे! आम्ही त्याच्याकडे एव्हरेस्टवरून आलेल्या माणसासारखं बघू लागलो. शिवाय म्हणाला, "एकदाही अलार्म वाजू दिला नाही." गेमबद्दलचं त्याचं मतही तसंच शांत, "थोडा संयम लागतो, बाकी सोपा आहे." हे वाक्य आम्हाला पुढे पंधरा वर्षं टोचत राहिलं. घरचं कर्ज, मुलांचे प्रवेश, पाठदुखी, कशातही अडकलं की आमच्यापैकी कुणीतरी कडवटपणे म्हणे, "थोडा संयम लागतो, बाकी सोपा आहे."

भांडाफोड त्याच्याच लग्नात झाला. कॅफेवाला दादा पंक्तीत शेजारी बसला होता. जिलबी घेता घेता सहज बोलून गेला की हा पोरगा फ्लॉपी घेऊन यायचा आणि त्याच्या मशिनवरच्या सेव्हच्या फायली घरी न्यायचा. म्हणजे पूल ओलांडला होता दादाने, लिबियात गेला होता दादा, आणि अलार्म वाजू दिला नव्हता तोही दादाने. गप्पूने नुसता फ्लॉपीचा प्रवास केला होता. आम्ही स्टेजकडे बघितलं. तो हार घालून, मान खाली घालून, अत्यंत संयमाने बसला होता. आज तो बँकेत ऑडिटला आहे.

इनरलूपचं पुढे काही झालं नाही. दुसरा भाग आला त्याच वर्षी कंपनी बंद पडली. 2019 मध्ये दुसऱ्याच कुणीतरी 'आयजीआय ओरिजिन्स' जाहीर केला. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन दिवस नुसता गोंधळ. अजून तो गेम आलेला नाही. पण जाहीर झालेली गोष्ट येण्याची वाट बघणं आम्हाला नवं नाही, आम्ही त्या वेळापत्रकाखालीच वाढलो.

तर मागच्या दिवाळीत सगळे गावी जमलो होतो. मी लॅपटॉपवर 'आयजीआय टू' टाकून आणला होता, आणि आदल्या आठवड्यात गुपचूप खेळत थेट द्नीस्तरच्या पुलापर्यंत पोचलो होतो. ओसरीवर लॅपटॉप, भोवती चिवड्याच्या ताटल्या, मागे चाळिशीकडे झुकलेले तीन सल्लागार. माझा भाचा, वय वर्षं बारा, थोडा वेळ बघून म्हणाला, "मामा, यात सेव्ह मोजून का देतात? जाहिरात बघितली की जास्त मिळतात का?" वकिलाने त्याला पुरुषार्थावर व्याख्यान सुरू केलं. सरपंच म्हणत होता, "उठ, सरळ पळ, काय होतंय!" गप्पू काहीच बोलत नव्हता, हे त्याला शोभूनच होतं.

हातात एक सेव्ह उरला होता. मी पुलावर होतो, खऱ्या अर्थाने पहिल्यांदा इतका पुढे. गुडघ्यात वाकून, एका खांबाआड. पलीकडचा काठ दिसत होता. आयुष्यात कधी न बघितलेला तो काठ दिसत होता.

आणि लाइट गेली.

लॅपटॉपला त्याचं काही नव्हतं. पूर्ण चार्ज, तीन तासांची बॅटरी. स्क्रीन लुकलुकलीसुद्धा नाही. पण अंधार पडल्याबरोबर चार संसारी पुरुष एका सुरात, घसा फाटेपर्यंत ओरडले, "सेव्ह कर! सेव्ह कर!" आणि आतून आईही ओरडली, "बंद कर ते आधी!" वीस वर्षांपूर्वीच्या हाताने मी बटण दाबलं.

सेव्ह झाला. बरोबर त्या क्षणी, ज्या क्षणी खांबाच्या उजवीकडून एक शिपाई बाहेर आला होता आणि त्याची बंदूक जोन्सच्या कपाळापासून हातभर अंतरावर होती.

तेव्हापासून हा सेव्ह मी किती वेळा उघडला असेल! उघडतो, शिपाई दिसतो, धाड. उघडतो, धाड. भाच्याने मोबाइलवर वेळ लावून बघितली, म्हणाला, "मामा, एका सेकंदाच्या आत!" मिशन पहिल्यापासून खेळता येतं, ते मला कळतं. पण त्या काठाच्या इतक्या जवळ येऊन पुन्हा मागे जायचं, म्हणजे वकील बरोबर होता असं मान्य करायचं.

रात्री सगळे पांगल्यावर मी गप्पूला अंगणात गाठलं. इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "तुझ्याकडे ती फ्लॉपी आहे का रे अजून?"